आधी स्तुती, मग गाऱ्हाणं

आधी नाव सांगते. राहेलबाई साळवे. परळच्या एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डच्या सिस्टर. आज माझ्या हाताला काम आहे आणि माझा थोरला भाऊ माझ्या हातची भाकरी खातो, ते या बाईंमुळे. काय झालं ते सांगतेच. पण ज्यानं केलं त्याचं नाव आधी घ्यायचं आणि झाल्या गोष्टी मग सांगायच्या, ही त्यांचीच शिस्त, म्हणून तसंच करते. मी पाचवीतून शाळा सोडलेली बाई. लिहिण्यात पुढचं मागे व्हायचं, ते सांभाळून घ्या.

मी इंदू, संगमेश्वराकडची. बाबा गेल्यावर दादानं मला शाळेतून काढलं, आईच्या आजारपणात घर बघायला. आई गेली तशी मला मुंबईला आणलं, लालबागच्या चाळीतल्या त्याच्या खोलीवर. खोलीत आमच्याच बाजूचे नऊ गिरणीकामगार, पाळ्या लावून झोपणारे. त्या नऊ जणांचं रांधायचं काम माझं. चार वर्षं ते केलं. मग एके दिवशी दादा म्हणाला, "शिवडीला गोदामात मुकादम आहे, बिजवर आहे, पण माणूस बरा. मी शब्द दिलाय." मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. दादाचं डोकं फिरलं. "माझा शब्द मोडतेस? मग माझ्या दारात उभी राहू नको!"

मी उभी राहिले नाही. पण जायचं कुठे? चालत चालत परळला आले आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात बसले. तिथे सगळेच बसलेले असतात, कुणी कुणाला विचारत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या कडक साडीतली, काळी, ठेंगणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक सिस्टर माझ्यापुढे येऊन थांबली.

"सलाम. कुणाला बघायला आलीस गं?"

मी पदर सावरून भिंतीकडे सरकले.

"काल पण इथंच होतीस. कुणाची तू?"

"कुणाची नाय."

"हात धुतलेस का?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "नाय."

"मग धू आणि आत ये. पट्ट्या गुंडाळायला माणूस कमी आहे."

राहेलबाईंनी मला कुणाची ते पुन्हा कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला आपल्या खोलीवर नेलं. महिन्याभरात मेट्रनबाईंपाशी बसून त्यांनी मला आयाच्या कामावर लावून घेतलं. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, "मला नको. वर सांग."

मी म्हटलं, "मी तुमच्या धर्मातली नाय."

"तुझ्या देवीला सांग. वरच्या वर ते पोचवतील एकमेकांना."

राहेलबाई नगरकडच्या. सलाम करून बोलायला सुरुवात करायची, हे त्यांच्याकडच्या ख्रिस्ती मंडळींचं वळण. आवाज मोठा, आणि गाणं म्हणाल तर पार बेसूर. हे मुद्दाम सांगते, कारण ही बाई दिवसभर गात असे. थर्मामीटर झटकताना, चादरी मोजताना, सुया उकळताना. देवाच्या स्तुतीची मराठी भजनं, त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटीतबल्यावर म्हणतात ती. आमची लक्ष्मी, साताऱ्याकडची आया, म्हणायची, "बाई, देव भ्याला आसंल वो." राहेलबाई म्हणायच्या, "कान त्यानंच केलेत, त्याचं तो बघेल." मंडळीतल्या पेटीवाल्या मास्तरांनी त्यांना एकदा पुढच्या चटईवरून उठून मागे बसायची विनंती केली होती. त्या मागे बसल्या आणि तिथून अधिकच जोरात गायला लागल्या. पुढे आवाज पोचायला हवा ना.

वॉर्डात त्यांचा एक नियम होता. दुपारी दोनला ड्युटी बदलायची. सकाळच्या बाया दुपारच्या बायांना खाटेगणिक सांगायच्या, कुणाला ताप, कुणाचा टाका उसवला. राहेलबाई मध्ये उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आधी स्तुती, मग गाऱ्हाणं." म्हणजे प्रत्येक खाटेचं आधी एक चांगलं सांगायचं. मगच बाकीचं. मेट्रनबाईंना हा वेळेचा खोळंबा वाटायचा, पण बंद करवता आला नाही.

एकदा लक्ष्मी चिडलेली होती. "सात नंबरचं काय बी चांगलं न्हाई. मला आयमायवरनं शिव्या घातल्या तिनं!"

"काय म्हणालीस?"

"शिव्या, बाई. ऐकवत न्हाईत अशा."

राहेलबाईंनी दोन्ही हात वर केले. "प्रभूची स्तुती असो! चार दिवस तोंड उघडलं नव्हतं तिनं. आवाज फुटला! काय काय म्हणाली, सगळं सांग." आणि लक्ष्मीनं त्या शिव्या सगळ्या वॉर्डासमोर, एकेक करून सांगितल्या. आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. सात नंबरही हसली.

पण हे सगळं त्यांना आपसूक जमायचं, असं समजू नका. ठाकूरद्वारची एक म्हातारी आमच्याकडे पाय मोडून आली. तिनं राहेलबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. वर म्हणाली, "आधीची जात ठाऊक आहे हो मला तुमची. देव बदलला म्हणून हात बदलतात होय?" राहेलबाईंनी पेला खाली ठेवला आणि सामानाच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. ट्रे एकावर एक आपटत होत्या. "देवा, हिचं एक तरी चांगलं दाखव मला. लवकर दाखव. नाहीतर आज मी हिला सगळ्यात जाड सुई टोचणार आहे."

मी म्हटलं, "बाई, कशाला शोधता? द्या सोडून."

त्या वळल्या. डोळे लाल. "सकाळी उठून वरच्याला बरं म्हणायचं, आणि त्यानंच केलेल्या माणसाला दिवसभर वाईट म्हणायचं? तो म्हणेल, बये, तोंडावर एक आणि पाठीमागे एक, हे कुठलं वळण?"

दोन दिवसांनी त्यांना सापडलं. मोडक्या पायानं बसूनही म्हातारी रोज सकाळी आपल्या कांबळ्याची घडी स्वतः घालायची, चारी कोपरे जुळवून. राहेलबाईंनी तिला तसं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुमच्या मुलींना घडी घालता येत नाही, बोळे करतात." मग तिनं खाटेवर बसून आम्हा सगळ्यांना घडी शिकवली. पाणी मात्र शेवटपर्यंत सुनेच्याच हातचं घेतलं. पण घरी जाताना राहेलबाईंना म्हणाली, "येते हो." राहेलबाईंना तेवढं पुरलं. मला पुरलं नसतं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो होता. रोज पहाटे राहेलबाई त्याच्यापुढे नाही, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि आदल्या दिवशीच्या गोष्टी देवाला सांगायच्या. माणसांची नावं घेऊन. लक्ष्मीचं, मेट्रनबाईंचं, खालच्या नळावर भांडणाऱ्या बायांचं. आणि सगळ्यात शेवटी एकच वाक्य, "चार वर्षं दिलीस, त्याबद्दल." कसली चार वर्षं, मी विचारलं नाही. मला वाटलं, नोकरीची असतील.

कुणाचं दुखणं बरं झालं, कुणी परीक्षेत पास झालं, की त्यांच्या मंडळीत घरी उपकारस्तुती ठेवतात. चटया अंथरायच्या, त्यांचे धर्मगुरू, पाळक, येतात, भजनं होतात, मग जो तो उठून आपल्यावर काय उपकार झाला ते सांगतो. शेवटी चहा आणि नानकटाई. मला कामावर कायम केलं तेव्हा राहेलबाईंनी माझ्यासाठी उपकारस्तुती ठेवली. लक्ष्मीसुद्धा आली होती, नानकटाईवर डोळा ठेवून. माझी बोलायची पाळी आली तशी मी पदराचं टोक धरून उभी राहिले. मी बाईंचं नाव घेतलं. लक्ष्मीचं घेतलं. खाली बसणार तोच राहेलबाई म्हणाल्या, "एक राहिलं."

"कोण?"

"ज्याच्यावर तुझा राग आहे तो. गाऱ्हाणं कर खुशाल, पण आधी एक बरं सांग."

मी म्हटलं, "त्याचं बरं काय नाय." सगळ्यांसमोर म्हटलं. पाळकांनी पटकन प्रार्थना सुरू केली. नंतर कपबशा विसळताना राहेलबाई एवढंच म्हणाल्या, "राहू दे. जागा मोकळी ठेव पण. भरू नको दुसऱ्या कशानं."

मग संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आले. परळ-लालबाग पेटलेलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही आरोळी इस्पितळाच्या खिडक्यांतून आत यायची आणि खाटेवरच्या बायाही पडल्या पडल्या ओरडायच्या. एका दुपारी गोळीबार झाला. माणसं हातगाडीवर घालून आणली. पुरुषांच्या वॉर्डात हात कमी पडले तशा आमच्या सिस्टर तिकडे धावल्या. संध्याकाळी राहेलबाई परत आल्या. साडीवर रक्त होतं. ड्युटी बदलायची वेळ नव्हती, तरी माझ्यासमोर ड्युटी बदलतानासारख्याच उभ्या राहिल्या.

"पुरुष वॉर्ड, खाट एकोणीस. लालबागचा गिरणीवाला, संगमेश्वराकडचा. गुडघ्यात गोळी. शुद्धीवर आहे. इंदू कोण, म्हणून मी विचारलं, तर तोंड फिरवलं."

मी पट्टी गुंडाळत होते, ती गुंडाळतच राहिले. "मी नाय जाणार."

"बरं."

"त्यानं माझी शाळा सोडवली. नऊ माणसांच्या चुलीपुढं बसवलं. बिजवराला द्यायला निघालेला. दारात उभी राहू नको म्हणाला."

"हं. हे गाऱ्हाणं झालं. आधीचं सांग."

"नाय म्हटलं ना, काय नाय!"

त्या स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. दुसरी पट्टी घेऊन गुंडाळायला लागल्या. गात नव्हत्या. तिसरी पट्टी झाली, चौथी झाली. आणि मग मला एकदम पाण्याचा आवाज आठवला. आमच्या शाळेच्या वाटेवर ओढा होता. आषाढ-श्रावणात तो भरला की दादा मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा. माझी पाटी तो स्वतःच्या डोक्यावर धरायचा, पुसली जाऊ नये म्हणून. चार पावसाळे. एक दिवस चुकला नाही. तो स्वतः तिसरीपुढे शिकला नव्हता.

ज्यानं मला शाळेतून काढलं, त्यानंच मला शाळेत नेलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रागाच्या खाली ते कुठे दबून गेलं होतं.

मी हे राहेलबाईंना सांगितलं. म्हणजे सांगायला लागले आणि रडले. त्या म्हणाल्या, "झाली तुझी उपकारस्तुती. चल आता."

दादा पिवळा पडला होता. मला बघून म्हणाला, "इंदे. आलीस?" मी म्हटलं, "आले." मी त्याची उशी सारखी केली. आणि तेव्हा राहेलबाईंच्या हातून एक चूक झाली.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, जीव वाचलाय, पायाचं दोन दिवसांत बघू. पण भाऊ-बहीण पुन्हा बोललेले बघून बाईंना आनंद आवरेना. त्यांनी तिथेच हात वर केले आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "प्रभू, या लेकराला तू हातीपायी धड ठेवलंस, तुझी स्तुती असो!" त्यांच्या मंडळीत प्रत्येक उपकारस्तुतीला हे शब्द येतात. रोजच्या सवयीनं तोंडात बसलेले. दादाला ते डॉक्टरांचेच शब्द वाटले. "ऐकलंस? पाय वाचला," मला म्हणाला, आणि बऱ्याच वर्षांनी हसला.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपासून कापला.

शुद्धीवर आल्यावर दादानं चादरीखाली हात फिरवला. मग मला म्हणाला, हळूच, ओरडलासुद्धा नाही, "त्या तुझ्या बाईला सांग, आता करा म्हणावं स्तुती." आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानं खाणं सोडलं. पेज तोंडाशी नेली की ओठ मिटायचा. माझ्याशीही बोलेना. बोलायला लागलेला भाऊ दोन दिवसांत पुन्हा गेला, आणि या खेपेला कायमचा जातो की काय, अशी धास्ती मला पडली.

दादाचा निरोप मी बाईंना सांगणारच नव्हते. पण त्यांनी विचारलं, आणि मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी हातातल्या चादरी खाली ठेवल्या. मग पुरुष वॉर्डात गेल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील, देवाची इच्छा वगैरे म्हणतील. त्या एकोणीस नंबरच्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसल्या. सिस्टर जमिनीवर बसलेली मी तेव्हाच पाहिली.

"गणपतराव, चूक माझी. ठाऊक नसताना बोलले. माफी मागते."

दादा भिंतीकडे.

"आज माझ्याजवळ स्तुती नाही. तुम्ही गाऱ्हाणंच करा. आमच्या शास्त्रात निम्मी गाणी रडण्याचीच आहेत. तीही त्यालाच म्हणायची असतात, दुसऱ्या कुणाला नाही."

त्यांनी खाटेवरून लोंबणारी चादर आत खोचली. मग त्या म्हणाल्या, "माझी मेरी चार वर्षांची होऊन गेली. घटसर्पानं. मी सिस्टर, माझ्याच मांडीवर. सहा महिने मी देवाशी बोलले नाही. चर्चला जायची, पण तोंड उघडायची नाही. मग एके दिवशी वाटलं, शेवटचे चार दिवस मी रोज त्याच्या तोंडावर मारतेय. त्याच्या आधीची चार वर्षं कुणाच्या नावावर टाकू?" त्या उठल्या. "तुम्हाला आज तसं वाटावं असं नाही म्हणत मी. मला सहा महिने लागले."

भिंतीवरचा तो फोटो. खिडकीकडे तोंड करून रोज म्हटलेलं ते शेवटचं वाक्य. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

पुढचे तीन दिवस दुपारी दोनला राहेलबाईंनी नियम मोडला. "आधी स्तुती" म्हणाल्याच नाहीत. गाणंही बंद. लक्ष्मी मला म्हणाली, "आगं, बेसूर तर बेसूर, पर वारड कसा मेल्यावानी वाटतोय." मी दादापाशी जाऊन बसायचे. एका दुपारी, कुणास ठाऊक कसं, मी त्याला ओढ्याचं सांगितलं. पाटीचं. त्यानं मान वळवली नाही. म्हणाला, "पाटी फुटकी होती ती. कोपरा गेलेला."

"हो."

"तू त्यावर पैला श्री काढायचीस. शेपूट उलटं."

"हो रे दादा."

मग खूप वेळानं, "पेज आहे काय गो?"

चौथ्या दिवशी दोनच्या ठोक्याला आम्ही बायकांच्या वॉर्डात उभ्या होतो. पुरुष वॉर्डातला वॉर्डबॉय दारात आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "राहेलबाई, एकोणीस नंबरनं निरोप दिलाय. म्हणतो, ड्युटी बदलताना सांगा. खाट एकोणीस, आज पेजेत मीठ बरोबर होतं."

राहेलबाईंनी हात वर केले नाहीत. पदर तोंडाला लावला आणि सामानाच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं आतून ट्रे आवरल्याचा आवाज यायला लागला, आणि त्याबरोबर ते गाणं. पार बेसूर.

दादा कुबड्यांवर घरी आला, माझ्या घरी, मी चाळीत भाड्यानं घेतलेल्या खोलीवर. गिरणी सुटली. चाळीच्या दारात तो खुर्च्या विणायचं काम करतो. स्वभाव तसाच, तिखट. पण जेवायला बसला की आधी म्हणतो, "खाट एकोणीस, आज कालवणात कोकम बरोबर." मग गाऱ्हाणी चालू. ती पुष्कळ असतात.

राहेलबाईंना शेवटचं पाहिलं ते महाराष्ट्र झाला त्या दिवसांत. त्या निवृत्त होऊन नगरकडे भाचीपाशी निघाल्या होत्या. टॅक्सीच्या टपावर एक ट्रंक, एक वळकटी. परळच्या नाक्यावर मिरवणुकीनं टॅक्सी अडली. गुलाल, लेझीम, पुढाऱ्यांच्या नावांचा जयजयकार. मी खिडकीला धरून चालत होते. इतक्या वर्षांचं सगळं सांगायचं मनात योजून आले होते, आणि ढोलात मला माझाच आवाज ऐकू येईना.

राहेलबाई त्या गर्दीकडे बघत होत्या. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "किती छान गं, सगळे मिळून स्तुती करताहेत. पण खाट एकोणीसचं नाव कुणी घेत नाही. तू घे."

मी म्हटलं, "बाई, आणि तुमचं?"

"मला नको. वर..." पुढचं ढोलात गेलं. टॅक्सी हलली. मागच्या काचेतून पांढरी साडी दिसली, त्यावर कुणीतरी उडवलेला गुलाल पडला होता आणि त्या तो झटकत नव्हत्या. ओठ हलत होते. मिरवणुकीबरोबर त्या गात असणार. सूर काय लागला असेल, देवाला माहीत.

त्यांचं एक कार्ड आलं. त्यावर भाचीचं, शेजाऱ्यांचं, कुणा खोडकर शेळीचंही बरं लिहिलं होतं. मी दोन पत्रं पाठवली, पुढे उत्तर नाही. चौकशी करायचा धीर मला होत नाही. कुणी भलतंच सांगितलं तर?

पण राहेलबाई, मी येणार आहे. दादाला घेऊन, कुबड्यांसकट. तुमच्या अंगणात चटया अंथरीन, नानकटाई मी करीन, मंडळीला बोलवा. वर मी रोज सांगते, ते पोचत असेल. पण तुमच्या तोंडावर सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी पहिलं नाव तुमचं घेईन, सगळ्यांसमोर, आणि तुम्ही पाय मागे घ्यायचे नाहीत. तुम्ही नसलात, तर जिथे ठेवलं असेल तिथे चटई अंथरीन. पण येईन. मला गाता येत नाही, तरी त्या दिवशी गाईन. पार मागच्या चटईवरून, मोठ्यांदा.